शाळेत मराठीच्या बाई, नाटकात दारू पिणारी बाई: हमीपत्र लिहून देऊ का?

तिसरी_घंटा

मी नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. नोकरीला चौदा वर्षं झाली. नाटक त्याच्याही आधीपासून करते. दिवाळीच्या आगेमागे तालमी सुरू झाल्या की शाळा सुटल्यावर घरी जाऊन पोळ्या करायच्या, मुलीचा अभ्यास घ्यायचा आणि साडेआठला तालमीला पोचायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय. त्यापायी एकही तास बुडवलेला नाही, एकही पेपर उशिरा तपासलेला नाही.

यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमचं नाटक होतं. माझी भूमिका द्राक्षाच्या पॅकहाऊसला रोजाने जाणाऱ्या बाईची. नवरा गेलेला, मुलगा सातवीत. ही बाई संध्याकाळी पिते. दुसऱ्या अंकात ती पिऊन घरी येते आणि झोपलेल्या मुलाच्या दप्तराशी बोलते. पाचएक मिनिटांचा प्रवेश आहे, पण मी त्यावर तीन महिने घालवले. झोकांड्या खाणं सोपं असतं. ही बाई मुलाला कळू नये म्हणून सरळ चालायची धडपड करते, आणि ते दाखवणं फार अवघड होतं. प्रयोग झाल्यावर एक आजी आत येऊन माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

त्याच प्रवेशातले बावीस सेकंद कुणीतरी प्रेक्षागृहातून मोबाईलवर टिपले. ते आधी स्टेटसवर गेले आणि तिथून पालकांच्या ग्रुपवर. खाली ओळ होती, 'या आपल्या मुलांच्या मराठीच्या बाई.' नाटकाचं नाव नाही, नेपथ्य दिसत नाही, नुसती मी आणि हातातली बाटली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते ओरडले नाहीत. 'मॅडम, शिक्षक चोवीस तास शिक्षक असतो,' एवढंच म्हणाले आणि संस्थेकडून आलेला कागद पुढे सरकवला. 'शाळेच्या प्रतिमेस बाधा येईल अशा कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमात यापुढे भाग घेणार नाही,' असं हमीपत्र. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचं आहे.

मला आदर्श असण्याचा जाच कधी वाटला नाही. कॉलेज रोडवर विद्यार्थी दिसला की मी आपोआप नीट उभी राहते. वर्गात मोबाईल काढत नाही. चूक झाली तर मुलांसमोर कबूल करते. हे सगळं मनापासून करते, कारण माझ्या बाईंनी ते माझ्यासमोर केलं होतं. पण रंगमंचावर मी जी होते ती मी नव्हते, हे चौदा वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांनाही समजावून सांगावं लागतंय. स्टाफरूममध्ये दोन दिवस कुणी त्या विषयावर बोललेलं नाही आणि ते जास्त लागतंय.

सही करू का? नाही केली तर काय होईल? आणि ज्यांच्या नोकरीत 'लोक तुमच्याकडे बघतात' हे कामाचाच भाग आहे, ते आपली कला कशी सांभाळतात? पुढच्या महिन्यात आणखी एक प्रयोग ठरला आहे.

निवृत्त_गुरुजी

बाई, मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो, पुढे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तुमचं वाचून नव्वदच्या दशकातलं साक्षरता अभियान आठवलं. आमचा कलाजथा गावोगाव जायचा. मी त्यात दारुड्या नवरा करायचो. डोक्याला फडकं, हातात बाटली, बायकोवर हात उगारायचा, शिव्यासुद्धा द्यायचो. चावडीपुढे दोन-दोनशे माणसं बसलेली, पुढच्या रांगेत माझीच पोरं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं शाळेत 'गुरुजी, काल भारी केलं' म्हणायची आणि पाढे म्हणायला उभी राहायची. कुणाचाही गोंधळ झाला नाही. उलट अधिकाऱ्यांनी कौतुकाचं पत्र दिलं, ते अजून घरात आहे.

दारुडा तोच, गुरुजीही तोच. तेव्हा ते काम सरकारी आदेशाने होतं म्हणून शोभलं. तुमचं स्वतःच्या आवडीचं आहे म्हणून शोभत नाही, असा हा हिशेब दिसतो.

आणखी एक सांगतो, तेही मनावरचं आहे. मी मुख्याध्यापक असताना माझ्या शाळेत एक तरुण शिक्षक कविता करायचे. त्यांची एक कविता दिवाळी अंकात आली, त्यात बाईच्या शरीराबद्दल दोन ओळी होत्या. गावातल्या कुणीतरी तो अंक माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी त्या शिक्षकांना बोलावून म्हणालो, 'सध्या थांबा, तपासणी व्हायची आहे.' ते थांबले ते कायमचेच. पुढे पाच वर्षं आम्ही बरोबर काम केलं, त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मी त्यांना थांबा म्हणालो होतो, पुन्हा सुरू करा म्हणायला मात्र गेलो नाही. तुमचे मुख्याध्यापकही वाईट नसतील, बाई. पण कागदावर सही करू नका.

काळा_कोट

ताई, मी वकील आहे, शाळा-कर्मचाऱ्यांची प्रकरणं थोडीफार पाहिली आहेत. घाईत सही करू नका.

तुमची शाळा खासगी अनुदानित आहे, म्हणजे तुम्हाला १९७७चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन कायदा आणि १९८१ची नियमावली लागू. सरकारी कर्मचाऱ्यांचे १९७९चे वर्तणूक नियम वेगळे आणि जिल्हा परिषदवाल्यांचे १९६७चे आणखी वेगळे. लोक हे सगळं एकात कालवतात आणि 'शिक्षकाला चालत नाही' असं ठोकून देतात.

१९८१च्या नियमावलीत गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात हयगय हे शब्द काय अर्थाने घ्यायचे ते सांगितलं आहे. नैतिक अधःपतन म्हणजे विद्यार्थ्याशी किंवा कर्मचाऱ्याशी असभ्य, अनैतिक वागणूक आणि त्याच जातीची इतर कृत्यं. शासनाच्याच सांस्कृतिक कार्य संचालनालयाने घेतलेल्या स्पर्धेत, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या नाटकात भूमिका करणं यात कुठून बसणार? बडतर्फी, पदावनती अशी मोठी शिक्षा चौकशी समितीशिवाय देता येत नाही. दिलीच तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. म्हणून 'नोकरी जाईल' ही भीती आधी डोक्यातून काढा. त्रास होऊ शकतो. वेळापत्रक बदलेल, नको ते तास गळ्यात पडतील. नोकरी अशी जात नाही.

सरकारी नोकरांपुरतं बोलायचं तर तिथेही निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला वाट ठेवलेली आहे. नोकरीत शिरल्याने मूलभूत हक्क दाराबाहेर राहत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यातच सांगितलंय. अर्थात कलम १९(२)मधली शिष्टाचार, नीतिमत्ता, बदनामी ही बंधनं सगळ्यांनाच आहेत.

हमीपत्रातला 'प्रतिमेस बाधा' हा शब्दप्रयोग घातक आहे. बाधा आली की नाही हे कोण ठरवणार? उद्या तुम्ही वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावर हुंड्याविरुद्ध बोललात आणि ते कुणाला खुपलं, तरी हाच कागद पुढे येईल. हमीपत्राऐवजी एक पानाचं निवेदन द्या. नाटक कोणतं, स्पर्धा कुणाची, भूमिका काय, प्रयोग शाळेच्या वेळेबाहेर झाला, मानधन घेतलं नाही, क्लिप तुमच्या परवानगीशिवाय काढली गेली. आवक क्रमांकासह पोच घ्या. मानधन घेणार असाल तर मात्र आधी लेखी कळवा, तिथे हयगय नको.

विंगेतली_मी

मला एक विचारायचंय. याच शाळेत कुठल्या सरांनी गणपतीच्या मिरवणुकीत नाचलं, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला, तर कुणी हमीपत्र मागतं का? स्नेहसंमेलनात सर राक्षस होतात, सावकार होतात, सगळे हसतात. बाई दारुडी झाली की ती खरंच पीत असणार, असं लोकांना का वाटतं?

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ सालच्या पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नाही. ती भूमिका शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पडद्यावर बाईची भूमिका बाईने करायला सुरुवात झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याला आपण फाळक्यांचं स्मारक बांधलं, शाळेच्या सहली तिथे नेतो. सहल नेणाऱ्या बाईंनी स्वतः भूमिका केली की मात्र सही मागतो.

मी स्वतः बँकेत आहे. माझ्याकडून आदर्श असण्याची अपेक्षा कुणी करत नाही, तरी 'नाटकवाली' हे मी वीस वर्षं ऐकलंय. तिसरी_घंटा, तुम्ही एकट्या नाही आहात.

नववी_ब

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते आहे. ती क्लिप आमच्या ग्रुपवरही आली. आमची शाळा तुमचीच की दुसरी हे मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही, पण आमच्याकडेही असंच झालंय म्हणून लिहिते.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या मराठीच्या बाई तिचं दैवत आहेत. बाईंसारखं अक्षर काढायचं म्हणून तिने निळं पेन सोडून काळं घेतलं. त्या दिवशी ती रडत घरी आली. मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात बाईंची नक्कल करत होती, पाण्याची बाटली हातात घेऊन. ती त्यांच्याशी भांडली. एकाने तिला विचारलं, 'तुला काय माहीत, बाई खरंच पीत नसतील कशावरून?' तिला उत्तर देता आलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बाई नाटकात काम करतात.

वर सगळे तुमच्या हक्काबद्दल लिहिताहेत. ते खरंच आहे, सही करू नका असं मलाही वाटतं. पण तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या पाठीशी वकील आहेत, गुरुजी आहेत. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला तुमच्या बाजूने व्हरांड्यात एकटीला उभं राहावं लागलं. मुलांना आधी सांगितलं असतं, बोलावलं असतं, तर तिच्याकडे बोलायला काहीतरी असतं. तुम्हाला दोष देत नाहीये. ही बाजूही दिसावी म्हणून लिहिलं.

तिसरी_घंटा

नववी_ब, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. मी नाटक करते हे माझ्या वर्गाला सांगितलेलं नाही, हे खरं आहे. कारण साधं होतं. शाळा वेगळी, नाटक वेगळं, दोन्ही एकमेकांना न लागता नीट चालतील असं वाटायचं. त्याला मी शिस्त समजत होते. त्या मुलीपर्यंत काही पोचवता आलं तर सांगा की तिच्या बाई जर माझ्यासारख्या असतील, तर त्यांना तिचं भांडण कळल्यावर फार भरून येईल.

उजेडवाला

मी नाशिकच्याच हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो. पहिला मुद्दा क्लिपचा. चूक आपल्या नाट्यसंस्थांचीही आहे. साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग असो की कालिदास कलामंदिरात, पडदा उघडायच्या आधी 'मोबाईल बंद ठेवा' एवढं सांगून आपण मोकळे होतो. आता आम्ही दोन माणसं बाजूच्या दारांशी उभी करतो, कुणाचा मोबाईल उजळलेला दिसला की वाकून हळूच सांगतात. लोक ऐकतात. आणि नाटकाची खरी, मोठी, नेपथ्यासकट दिसणारी छायाचित्रं आपणच आधी पसरवायची, खाली नाटकाचं नाव, पात्राचं नाव, कलाकाराचं नाव. चुकीच्या चित्राला योग्य चित्र आधीच भेटलेलं असलं की ते तितकं पळत नाही.

दुसरा मुद्दा, वर कुणी लिहिलेला नाही पण आमच्याकडे नेहमी निघतो: नाव बदलून काम करा. मराठीत टोपणनावांची मोठी परंपरा आहे. आपले तात्यासाहेब शिरवाडकर कवितेसाठी कुसुमाग्रज झाले. केशवसुत, आरती प्रभू, ग्रेस, किती सांगावीत. कवीला ते जमतं. नटाचा चेहराच रंगमंचावर असतो, पत्रिकेत नाव कुठलंही छापा, पहिल्या रांगेतला पालक ओळखणारच. आमच्या एका मित्राने नोकरीमुळे दुसऱ्या नावाने काम केलं. ओळख लपली नाहीच, वर 'लपवत होता' हा जादा आरोप आला. तो मार्ग घेऊ नका.

पानोपानी

गुरुजींच्या पोस्टवरून आठवलं. आपल्या नाशिकच्याच एचपीटी महाविद्यालयात वसंत कानेटकर अनेक वर्षं प्राध्यापक होते आणि त्याच काळात व्यावसायिक रंगभूमीसाठी नाटकं लिहीत होते. वर्ग आणि नाटक एका माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. र. धों. कर्वे विल्सन महाविद्यालयात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. दोन वर्षांनी स्वतःचं मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं, कर्ज आणि खटले अंगावर घेऊन. त्यांना मी मानतो. पण प्रत्येकाने कर्वे व्हावं ही अपेक्षा क्रूर आहे. ज्याच्या घरी हप्ता आहे त्याला 'बाणेदारपणे राजीनामा दे' म्हणणारे पुढच्या महिन्यात किराणा भरायला येत नाहीत.

अलीकडचं पाहायचं तर तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन सरकारी महाविद्यालयात शिकवत होते. कादंबरीवरून गावात इतका दबाव आला की २०१५च्या जानेवारीत त्यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. झारखंडचे हांसदा सौवेंद्र शेखर सरकारी वैद्यकीय अधिकारी. २०१७ साली त्यांच्या कथासंग्रहावर राज्यात बंदी आली आणि त्यांना निलंबितही केलं. बंदी काही महिन्यांत उठली. दोघांच्याही बाबतीत त्यांनी वर्गात किंवा दवाखान्यात काय चुकीचं केलं, हा प्रश्नच मध्ये नव्हता.

खाकीतला

मी पोलीस दलात आहे. गझल लिहितो. आमच्याकडे नियम कडक आणि मला ते मान्य आहेत. शासनाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांबद्दल सूचना काढल्या: वैयक्तिक खातं आणि कार्यालयीन खातं वेगळं, गणवेश, पदनाम, शासकीय गाडी, इमारत यातलं काहीही आपल्या रीलमध्ये दिसता कामा नये. मी त्याआधीपासूनच मुशायऱ्याला साध्या कपड्यात जातो आणि नावापुढे हुद्दा लावू देत नाही. गणवेश माझा नाही, खात्याचा आहे. तो घालून मी माझ्या मनातलं बोललो तर ऐकणाऱ्याला वाटेल खातं बोलतंय.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. मॅडम, मी एकदा चुकलो आहे. महामार्गावर एक अपघात झाला होता. रात्री मी पंचनाम्याला होतो. एक वस्तू रस्त्यावर पडलेली पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी त्यावर गझल झाली. शेर चांगला होता. मुशायऱ्यात त्याला दाद मिळाली, मी तो फेसबुकवर टाकला. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. महिन्याभराने गेलेल्या माणसाचा भाऊ ठाण्यात कागदपत्रं न्यायला आला. सह्या झाल्यावर मला म्हणाला, 'साहेब, ते तुम्ही लिहिलंय ना? ती वस्तू मीच त्याला घेऊन दिली होती.' चिडला नव्हता. पण मी खाली बघितलं. तो माणूस माझ्यापुढे त्या रात्री वर्दीमुळे उभा होता, कवीपुढे उभा नव्हता. त्याने मला ते दाखवलं नव्हतं, माझ्या नोकरीने दाखवलं होतं.

त्यानंतर माझा एकच नियम आहे. दारूवर लिहीन, प्रेमावर लिहीन, देवाशी भांडेन, कुणाला शोभो न शोभो. पण ड्युटीवर जे कळलं ते लिहिणार नाही. वरिष्ठांनी हे कधी विचारलेलं नाही. ते गणवेश दिसतोय का एवढंच बघतात. तुमचे पालकही बाटली बघताहेत. बाटलीचं काही नाही, मॅडम.

विंगेतली_मी

खाकीतला दादा, हे वाचून गप्प झाले.

मूळ_सिन्नर

इतकी चर्चा वाचली, माझं मत थोडं वेगळं आहे. शिक्षकाला समाज पगारापलीकडचा मान देतो, त्याची काही किंमत असणारच. मी शेतकरी आहे, माझ्या मुलाने माझं ऐकलं नाही तरी गुरुजींचं ऐकतो. तो मान टिकावा म्हणून एखादी भूमिका सोडली तर काय बिघडलं? भूमिका हजार आहेत.

तिसरी_घंटा

मूळ_सिन्नर दादा, तुम्ही रागाने लिहिलेलं नाही, म्हणून मीही तसंच लिहिते. एखादी भूमिका मी सोडेनही. पण ज्या कारणासाठी ती सोडायला सांगताहेत, त्या कारणाने मग सगळ्याच सोडाव्या लागतील. घर सोडणारी बाई, खोटं बोलणारी बाई, देव न मानणारी बाई. उरेल ती फक्त तुळशीला पाणी घालणारी. आणि माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणीतरी पिऊन येतं. त्यांना मी ती बाई माणूस म्हणून दाखवली, तर माझा मान कमी होईल असं मला मनापासून वाटत नाही.

खाकीतला, तुमच्या पोस्टनंतर मात्र मला झोप लागलेली नाही. माझ्या त्या भूमिकेतली एक लकब, ज्यावर परीक्षकही बोलले, ती मी शोधलेली नाही. ती मी पालकसभेत पाहिली होती. कुणाची, कोणती, हे इथे लिहिणार नाही. त्या माऊली पीत नाहीत, तसं काहीच नाही. त्या कष्टाच्या आहेत एवढंच. पण त्या माझ्यासमोर बसल्या होत्या त्या मुलाच्या बाईंसमोर म्हणून, आणि मी ती लकब उचलून एका दारू पिणाऱ्या बाईच्या अंगावर चढवली. क्लिपमध्ये ती दिसते. त्यांच्या मुलाने ओळखली असेल का, हे मला माहीत नाही. तो वर्गात शांतच असतो.

एवढे दिवस मी रागात होते की माझ्यावर अन्याय झालाय. तो झालाच आहे. पण हेही माझ्याच हातून झालंय.

निवृत्त_गुरुजी

बाई, आधी वर्गाकडे जा. कागदाचं नंतर पाहू.

तिसरी_घंटा (नऊ दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते.

हमीपत्रावर सही केली नाही. काळा_कोट यांनी सांगितल्याप्रमाणे निवेदन दिलं, पोच घेतली. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि 'परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं हे मला माहीत नव्हतं,' असं म्हणाले. संस्थेकडून अजून उत्तर नाही. मी यापुढे प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि पत्रिका शाळेला आधी कळवीन, असं स्वतःहून लिहिलं आहे. परवानगी मागितलेली नाही.

नववीच्या वर्गात एक नाट्यउतारा घेतला. सावकाराचं काम वर्गातल्या सगळ्यात मऊ स्वभावाच्या मुलाला दिलं. त्याने असा आवाज लावला की मागचे बाक टाळ्या वाजवायला लागले. मग विचारलं, आता याला उद्यापासून सावकार म्हणायचं का? वर्ग हसला. मी म्हणाले, त्या क्लिपमधली मीच आहे, आणि नाटकाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, दप्तराच्या प्रवेशापर्यंत. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. एका मुलीने विचारलं, 'बाई, सरळ चालायचा प्रयत्न करणारी बाई कशी चालते?' मी वर्गात बाकांच्या मधून चालून दाखवलं. बाटलीशिवाय.

दुसरं. त्या माऊलींना भेटले. शाळेत बोलावलं नाही, त्यांच्या कामाच्या वेळेनंतर मीच गेले. मोबाईलवर काही दाखवलं नाही, तोंडी सांगितलं की तुमची एक सवय मी नाटकात उचलली, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बाई, तुम्ही तव्हा माझ्याकडं बघत व्हत्या? मला वाटलं मास्तरणीचं लक्ष वहीत हाये.' त्या रागावल्या की त्यांना बरं वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही. चहा दिला. निघताना म्हणाल्या, 'पोराला नका सांगू.' मी नाही सांगणार.

लकब काढून टाकली आहे. दिग्दर्शक हळहळले, कारण त्या जागी दुसरं काही सापडत नाहीये. चार तालमी झाल्या, हात नुसते मोकळे राहतात. कालच्या तालमीत मी ते तसेच मोकळे सोडले.

उजेडवाला

मोकळ्या हातांवर बाजूने एक कमी उजेड देऊन बघा. तालमीला बोलावलंत तर येतो.

नववी_ब

प्रयोगाची तारीख कळवा. आम्ही दोघी येतो.